परतीची तारीख

पुस्तक तसं बेताचंच. मुखपृष्ठावर दीपगृह,
खाली ओल्या केसांची बाई, पाठमोरा पुरुष.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, आमच्या एका खोलीच्या वाचनालयात
(पूर्वी इथे कॉडसाठी मीठ साठवायचे, भिंती अजून पाझरतात)
ऑक्टोबरपासून ते एकदाही फळीला टेकलं नाही.

गोष्ट सांगते, खुनी सांगत नाही:
अठरा वर्षांनी ती गावात परतते,
तो आता पोलीस झालेला,
आणि रोज पहाटे तिच्या उंबऱ्यावर
कोणीतरी एक ओला हातमोजा ठेवून जातं.
डावाच.

फिलोमिना कीहो म्हणाली, मला साठाव्या पानालाच कळलं.
फिलोमिनाला नेहमीच साठाव्या पानाला कळतं;
नवरा समुद्रावरून परतणार नाही
हेही तिला रेडिओच्या आधी कळलं होतं,
म्हणून आम्ही तिच्याशी वाद घालत नाही.

धाकटी केझाया टोबिन: "पहिलं चुंबन थेट दोनशे चाळिसाव्या पानावर!
तोवर काय, हातमोजे मोजायचे?"
पाद्रीबाईंनी निरोप धाडला, भाषा जरा सांभाळायला हवी होती,
आणि दुसरा भाग आला की आधी माझ्याकडे.

ऑगी वॉल्शला मुळातच पटलं नाही.
पहिलं प्रेम म्हणजे, तो म्हणाला, दुधाचा दात.
पडला की पडला. चार दिवस जिभेनं
ती जागा चाचपायची, मग नवा येतो.
बायको शेजारीच विणत बसलेली. टाका न चुकवता म्हणाली,
"म्हणजे मी अक्कलदाढ?"
स्टोव्हभोवती सगळे असे हसले
की काचेवरचा बर्फ घसरला.

लिअँडर पाइक हसला नाही.
तो ते पुस्तक तीनदा घेऊन गेला.
परत करताना दर वेळी तेच: "टाकाऊ आहे."
पहिल्यांदा नऊ दिवसांनी टाकाऊ,
मग चौदा,
तिसऱ्यांदा तर त्यानं त्याला
तपकिरी कागदाचं कव्हर घालून आणलं.

मधल्या दिवसांत ब्राइड पॉवर न्यायची.
ब्राइड, जी जूनमध्ये अल्बर्टाहून आली
आईचं घर विकायला,
आणि अजून विकतेच आहे.

नियम असा की समासात कोणी लिहिलं
तर मी खोडरबर घेऊन बसायचं.
बसले. पान एकशे त्र्याऐंशी.
नायक धुक्यात बोट काढतो, तिला गाठायला,
इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू.
शेजारी लिअँडरचं टोचरं अक्षर:
"एवढ्या थंडीत हे इंजिन सुरू होत नाही.
बाईंनी कधी बोट पाहिली आहे का?"

खाली, दुसऱ्या पेन्सिलीनं, बारीक:
"नाहीच झालं. मी उजाडेपर्यंत धक्क्यावर उभी होते."

त्याच्या खाली, जवळजवळ शिलाईत शिरलेलं:
"वल्ही मारत निघालो होतो.
पोचलो तेव्हा फेरीबोट वळली होती."

त्यानंतर समास संपतो.

मी खोडरबर खिशात टाकला.
एरवी मी नियमाची पक्की आहे;
ऑगीला विचारा, त्याच्याकडून मी
भिजलेल्या शिकारकथेचे चार डॉलर वसूल केलेत.

तर खुनी कोण, ते तुम्हीच वाचा.
फिलोमिनाचं या वेळी चुकलं, एवढंच सांगते.

पुस्तक सध्या ब्राइडच्या नावावर आहे.
परतीची तारीख उलटून अकरा दिवस झाले,
दिवसाला दहा सेंट, वहीत मांडून ठेवलेत.
घर चार दारं पलीकडे. जाऊन मागता येईल.
काल संध्याकाळी त्याचसाठी निघाले होते,
पण तिच्या पायरीवर मासेमारीचे बूट दिसले,
बर्फ झटकून नीट भिंतीला लावलेले,
डावा, उजवा, दोन्ही.
मी रस्ता ओलांडून पोस्टात गेले,
नको असलेली तिकिटं घेतली.

केझाया रोज शाळा सुटली की डोकावते, आलं का?
म्हटलं, नाही गं. अजून वाचताहेत.