उजवा रकाना

ग्रिम्स्बीत सकाळी आठला वाऱ्याला माशांचा वास असतो,
बोटी कमी झाल्या तरी.
शाळेच्या दारात गळ्यात घालायला पट्टा देतात: 'पाहुणे'.
चार वर्षं येतेय. पट्टा तोच.

इयत्ता आठवी, गणित. कॅलम थ्वेट,
नोकरीचं तिसरं वर्ष, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.
मी मागे बसते, मुलांच्या खुर्चीत,
गुडघे हनुवटीला टेकायचेच बाकी.
वहीच्या पानावर मधोमध रेघ.
डावीकडे जे दिसलं ते.
उजवीकडे मला काय वाटलं ते.
उजवा रकाना कोरा ठेवायचा,
त्याचाच मला पगार.

माझ्या आईच्या शाळेत डिप्टी यायचे.
आदल्या रात्री ती तक्ते पुन्हा रंगवायची,
हजेरीतल्या खाडाखोडीवर हलकं ब्लेड फिरवायची,
आणि तीन-चार पोरांना हळूच सांगायची,
उद्या नाही आलात तरी चालेल.
डिप्टी दहा मिनिटं थांबत. चहा घेत.
शेरेबुकात एक ओळ: 'फळ्यावरील अक्षर सुधारावे.'
ती ओळ आईनं तीस वर्षं जपली,
पाठीवरचा वळ जपावा तशी.

म्हणून थ्वेटच्या अक्षराबद्दल मी बोलत नाही.
डावीकडे मोजते:
पन्नास मिनिटांत एकेचाळीस प्रश्न.
प्रश्न आणि त्यानं स्वतःच देऊन टाकलेलं उत्तर, यांच्यामध्ये
एक सेकंद. कधी तोही नाही.
खिडकीपाशी डार्सी नावाची मुलगी.
चार वेळा तोंड उघडलं, चार वेळा मिटलं.

मग फोटोकॉपीच्या खोलीत
कागद त्याच्याकडे सरकवते.
तो वाचतो. कान लाल होतात.
'कसा झाला तास?'
'तुला कसा वाटला?'
'तुम्ही सांगा ना.'
मी सांगत नाही.
(जिभेवर काय काय असतं म्हणून सांगू!
सगळा उजवा रकाना तोंडात गोळा झालेला.)
मशीन चार पानं बाहेर टाकतं, थांबतं.
मग तो म्हणतो, 'कुणी बोलेना की मला भीती वाटते.
वाटतं, गेला वर्ग हातचा.'

तीन आठवड्यांनी
टेबलाच्या कडेला त्याची बोटं हलताना दिसली.
उणे सातातून उणे तीन वजा केले तर?
चार. पाच. कुणीतरी पेन पाडलं.
सातव्या सेकंदाला डार्सी म्हणाली, 'उणे दहा.'

चूक.

माझीच पेन्सिल घामेजली.
'तिथे कशी पोचलीस?' त्यानं विचारलं,
आणि पुन्हा थांबला.
ती फळ्याकडे गेली, संख्यारेषेवर बोट ठेवून चालू लागली,
अर्ध्यात आपली आपणच हसली,
मागे फिरली,
उणे चारावर येऊन उभी राहिली.

निघताना मुख्याध्यापिका ऑक्स्ली बाईंनी बोलावलं.
दार लावलं. मार्चमध्ये तपासणी, बजेटला भोक.
'एक ते चारमध्ये सांगा. थ्वेट किती?'
मी वही मिटली.
'तुम्ही त्याच्या वर्गात शेवटच्या कधी बसला होता?'
आणि मांडीवर बोटं मोजत राहिले.
बाहेर समुद्रपक्षी कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते.
नऊ. दहा.
'अकरा वर्षं मी या खुर्चीत आहे,' त्या म्हणाल्या,
'माझं काम बघायला मागे कुणी बसलं नाही.
बसले ते निकाल घेऊन, समोर.'
'मी बसू?'
त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिल्या.
माझी चार छत्तीसची गाडी गेली.

स्टेशनवरून विट्याला फोन. तिकडे रात्रीचे दहा.
'आज काय शिकवलंस?'
'काही नाही. मागे बसले होते.'
'म्हणजे डिप्टीच झालीस की शेवटी.'

नाही गं, म्हणायला तोंड उघडलं.
मिटलं.
फलाटावर वारा. एक, दोन, तीन,
विट्यात तिच्या पंख्याची करकर ऐकू येत होती,
सात, आठ.

'अक्षर चांगलं होतं माझं,' आई म्हणाली.
'त्या दिवशी खडू ओला होता.'