वापरात नसलेलं

मंडईच्या आदल्या आठवड्यात डिस्क भरली.
पट्टी लाल. दोन जीबी उरले,
आणि दारात भोंगेवाला हेमराज,
खिशात पेन ड्राइव्ह, गालात खर्रा:
"ताई, नाटकाची जाहिरात आजच पाह्यजे."

माझा स्टुडिओ म्हणजे धानगिरणीमागची खोली.
भिंतींना वाकळा, खिडकीत तणसाच्या पेंढ्या.
गिरणी थांबली की रेकॉर्डिंग, लाइट गेली की जेवण.
"अजून एकदा" म्हणणाऱ्याला
नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.
म्हणून एका कडव्याचे अकरा टेक.

आपण ओळ खोडतो
ती फक्त पडद्यावरून जाते.
फोल्डरात बसून असते जशीच्या तशी,
रुसून आतल्या खोलीत गेलेल्या माणसासारखी.

मेनूत तळाशी लिहिलंय: न वापरलेल्या फायली शोधा.
दाबलं.
एक हजार दोनशे सहा.
चौतीस जीबी नुसता नकार.

पहिली ऐकली. कुंदाबाई मेश्राम खाकरते,
"थांब न वं" म्हणते, संपलं.
दुसरीत चाळीस सेकंद कोणीच नाही,
नुसती खोली, आणि लांब
गिरणीच्या टिनावर चालणारा कावळा.
तिसरीत मडावींची शेळी, अगदी सुरात.
चौथीत मीच कुणाला तरी "छान झालं" म्हणतेय
आणि आवाजावरून कळतंय की झालेलं नाही.
पाचवी ऐकली नाही.
अशानं मंडई निघून गेली असती.

सगळ्या निवडल्या.
पडद्यानं विचारलं, परत आणता येणार नाहीत, खात्री आहे?
हेमराजनं बाहेर थुंकून विचारलं, किती वेळ?
दोघांना एकच उत्तर दिलं:
झालंच.

रविवारी दंडारीचा प्रोजेक्ट उघडला.
ढोलकी आली, टाळ आले, गळा आला,
पेटीच्या जागी एक पांढरा पट्टा.
फाइल सापडत नाही.

मग आठवलं.
पेटी वाजवली होती नाटकासाठी.
नाटकवाल्यांनी ऐनवेळी कीबोर्ड घेतला,
मी ती उचलून दंडारीत ठेवली.
उचलून म्हणजे काय, नुसता पत्ता लिहिला.
फाइल तिथंच राहिली, नको म्हटलेल्या घरी,
आणि यंत्राला ते एकच घर माहीत.
इथं नको म्हणजे कुठंच नको,
असा त्याचा सरळ हिशेब,
ज्याला मी मान डोलावली होती.

दोनाडकर काकांना फोन लावला.
लाइटवर ढकलायचं ठरवलं होतं. नाही जमलं.
"पुसली मी," म्हटलं.
तिकडं बराच वेळ पाण्याची मोटर.
"बरं झालं वं पोरी," म्हणाले,
"त्या दिवशी बोटात काटा होता. मलेच माहीत."

संध्याकाळी आले, पेटी सायकलला बांधून, वर पोतं.
गिरणी थांबेपर्यंत दोघं गप्प बसलो.
एकाच टेकमध्ये वाजवली. चांगली वाजवली.

पण जुन्या पेटीत अंतऱ्याच्या तोंडाशी
एक सूर अडखळायचा,
आणि ढोलकी, त्यावरच वाजवून घेतलेली,
तिथं त्याच्यासाठी थांबायची.
आता पेटी सरळ पुढं निघून जाते
आणि ढोलकी थांबलेली असते.

काकांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.
"हा कोनासाठी थांबते?"
"तुमच्यासाठी."
थोडा वेळ त्यांनी भाता नुसताच दाबला, सूर न लावता.
"मंग अजून एकदा घे."

मुद्दाम अडखळणं फार अवघड.
एकदा लवकर अडखळले, एकदा उशिरा,
एकदा इतकं सुंदर अडखळले की आम्ही दोघं हसलो
आणि ते हसूही टेकमध्ये गेलं.
नवव्याला गिरणी सुरू झाली.

काका गेल्यावर आठ फायलींना नावं दिली:
दोनाडकर, नको, एक.
दोनाडकर, नको, दोन.
अशी आठपर्यंत.