सहा डोकी कमी

भाऊसाहेबांनी जीआर उलगडून टेबलावर ठेवला,
खाडीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर जाळ्याचं शिसं.
"मॅडम, लोकसंख्या दोन हजारांपर्यंत असेल तर हे मानधन.
दोन हजार एक झाली की हे."
खारपाखाडी : एकोणीसशे पंचाण्णव.

सहा डोकी कमी.

ही मोजणी झाली तेव्हा मी नवी नवरी.
माझं नाव मास्तरांना सासऱ्यांनी सांगितलं,
मी आतून ऐकत होते.
तेव्हा होते कोण कोण गावाबाहेर?
पावसकरांच्या बोटीवर चौघे, वेरावळच्या अंगाला.
कुंदा जाक्कर माहेरी, पोटात जुळी.
म्हणजे सात की हो, भाऊसाहेब!
ते हसले. पोटातली धरत नाहीत म्हणाले.

आमच्यात वाटा वाळूवर ठरतो.
टोपल्या सगळ्यांसमोर ओततात,
होडीचा एक, जाळ्याचा एक, इंजिनाचा एक,
तांडेलाचा दीड, खलाशाला एकेक,
आणि तापानं घरी राहिला त्याच्याकडे
कालवणापुरतं.
नाही पटलं तर तिथंच बोंब मारायची.
माझी टोपली कुठल्या खोलीत ओतली
ते मी पाहिलं नाही.

त्यातले तीन हिस्से सरकार देणार,
चौथा गावानं, घरपट्टीतून.
थकबाकीच्या यादीत पहिलं नाव धाकट्या दिराचं.
गेले दारात, पावतीपुस्तक पदराआड.
"आता आमच्याकडनं पगार हवाय तुला, वयनी?"
पगार नव्हे, मानधन,
मी म्हटलं, आणि मलाच हसू फुटलं.
त्यानं चहा दिला. पट्टी दिली नाही.

सुगंधा होडेकर सदस्य आहे, मच्छीही विकते.
तिनं सभेत उभं राहून विचारलं,
या भत्त्यात माझी सकाळची पाटी बसते का?
कुणीच बोललं नाही. भत्ता वाढवणं
आमच्या हातात नाही, म्हणून
ठराव क्रमांक अकरा :
मासिक सभा लिलाव आटोपल्यावर, दुपारी घ्यावी.
सर्वानुमते मंजूर.

परवा तीन महिन्यांचं एकदम आलं, सरकारचं तेवढंच.
तालुक्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल वजा केलं,
मग वजा करायचं थांबवलं.

काल खालच्या वाडीत रोहिणीला मुलगी झाली.
सरपंच म्हणून नारळ घेऊन गेले, नारळ घरचाच.
मूठ घट्ट, कपाळावर आठी,
आत्ताच हिशेब मागणारी.
सगळ्या म्हणाल्या, बापावर गेलीय.
मी मनात म्हटलं,
पाच.