सातवा पत्रा

कारखान्यात आज सात पाट्या.
हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं
उजवीकडून डावीकडे, दोन लिप्यांत,
मग पाहुण्यांसाठी उलट दिशेने.

पहिली आमच्याच गावाची, बेर-शेवा.
बेर म्हणजे विहीर. शेवा म्हणजे सात,
नीट ऐकलं तर शपथही.
सात कोकरं वेगळी उभी करून कुणी म्हणालं होतं,
ही विहीर मी खणली, ही साक्षीला.
औदे खाली बसून खिळे मोजतो. म्हणतो,
आमच्यात ती सिंहाची विहीर.
सिंह पाहिलास कधी?
नाही. तू कोकरं पाहिलीस?

बेथलेहेमला मी भाकरीचं घर म्हणते,
तो मांसाचं. दुपारी डबे उघडले
की कुणीच खोटं पडत नाही.

इसहाकाच्या गड्यांनी विहीर खणली, वाद झाला,
विहिरीचं नाव भांडण.
दुसरी खणली. तिचं नाव वैर.
तिसरीवर कुणी आलंच नाही,
तेव्हा म्हणाले, रहोबोथ. ऐसपैस.
त्या नावाच्या शहरात परवा
गाडी लावायला मी तासभर फिरले.

अल्लोन-बाखूथची पाटी कुणी मागवत नाही.
रडण्याचा ओक.
त्याच्याखाली एक दाई पुरलेली,
दुसऱ्यांची मुलं वाढवता वाढवता म्हातारी झालेली.
राजांची कितीक गावं नांगराखाली गेली,
माझंच घ्या:
तिर्झा, मनाजोगती, एके काळची राजधानी.
तिथे एका राजाने वाडा स्वतःवरच पेटवून घेतला,
सात दिवस राज्य करून.
आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.
तिला नुसता आवाज आवडला.

सातवा पत्रा रद्दीतला, कोपरा वाकलेला.
औदे म्हणाला, आमच्या वस्तीला होईल.
नकाशात नाही ती. तीस घरं, एक टाकी,
वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, दुसऱ्यांच्या.
नाव काय?
तो जरा लाजला.
आजोबांच्या आजोबांचं गाढव तिथे बसलं,
काही केल्या उठेना. मग तंबू तिथेच ठोकला.
गाढव बसलं ते, एवढंच म्हणतात.

मी हसले नाही. ब्रश धुतला.
कसं लिहायचं?
लिहिलेलं कधी पाहिलं नाही, म्हणाला.
मग एकदा मोठ्याने उच्चारलं,
आणि एकदा हळू, कुणाला हाक मारल्यासारखं,
आणि वाकलेला कोपरा सोडून
मी पहिलं अक्षर काढलं.