कूलरमधला पोरगा

एप्रिलात पाचपावलीच्या आमच्या गल्लीला बल्ल्या ठोकल्या.
मग टिनाचे पत्रे. मग खुर्चीवर एक पोलीस,
टोपीखाली ओला दुपट्टा.

मी कूलर दुरुस्त करणारा माणूस.
वर्षाची कमाई ह्याच दोन महिन्यांची,
अन् हेच दोन महिने मी घरात,
चौदा उघड्या मोटारी आणि खसच्या ताट्यांत बसून.
चालू कूलर एकच. आमचा.

लोकेश सात वर्षांचा.
दहा दिवस त्याला सुट्टीच वाटली.
अकराव्या दिवशी त्यानं चपला धुतल्या, पुसल्या,
आणि कपाटात ठेवून दिल्या, स्वेटरांच्या खाली.
कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी पाहिलं,
जाळीशी तोंड नेऊन बोलून राहिला होता:
काय करून राहिला बे?
पात्यांनी आवाज चिरून परत दिला,
का-आ-आय क-अ-रून रा-आ-हिला बे.
तो हसला. मग गप्प राहिला थोडा वेळ,
समोरच्याचा डाव असल्यासारखा.

कोण आहे रे तिकडे? मी विचारलं.
पोरगा आहे एक.
नाव?
नाव नाही ठेवलं, म्हणाला.
नाव असलं की पुकारतात, अन् गाडीत बसवतात.

समोरच्या डोमाजी काकांना तसंच नेलं होतं,
भोंग्यावर पुकारून. लोकेश खिडकीत होता.
आम्हाला वाटलं होतं, झोपला आहे.

गादी ओली व्हायला लागली.
कूलरचं पाणी उडत असेल, सविता म्हणाली.
तिघांनी ते मानलं.
खरं वाटावं म्हणून
मी कूलर हातभर मागे सरकवला.

एकदा तो आईच्या मनगटाला कडकडून चावला.
मग स्वतःच तिला मोरीपाशी नेलं
आणि साबण लावून, वीसपर्यंत मोजत,
तिचा हात धुतला.
पंधरानंतर त्याला आकडे आठवेनात.
पुन्हा एकपासून.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी काढला.
चाकांना मीच तेल दिलं, मोटारीचं.
स्वयंपाकघर ते मोरी, मोरी ते स्वयंपाकघर
नंदी फिरला. सविता दरवेळी नव्या घरची बाई झाली,
दार अर्धंच उघडून बोजारा द्यायची.
पाच रुपये, एक लाडू.
अर्धा लाडू त्यानं कूलरपाशी ठेवला,
जुन्या चादरीत बांधलेल्या, बंद.
मुंग्या लागल्या. कोणी झाडलं नाही.

आता शाळा आहे. जातो.
डबा भिंतीकडे तोंड करून खातो, बाई सांगतात.
मी काही म्हणत नाही.

रविवारी माझ्यासोबत कामाला येतो, टेस्टर धरायला.
मानेवाड्याला, नंदनवनला, लोकांच्या अनोळखी घरांत.
जाळी बसवायच्या आधी
खाली वाकून, घरच्यांना ऐकू जाणार नाही असं,
आत विचारतो:
आहे का बे?

मी बटणावर बोट ठेवून असतो.
घाई करत नाही.