मात्रा

बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, दत्तवाडीच्या कोपऱ्यावर,
त्यामुळे मला भुतंसुद्धा चमच्यानंच मोजता येतात.
पाच वर्षांखाली अर्धा चमचा, जेवणानंतर.
मुंजा द्यायचा, पण पिंपळावरून उतरू द्यायचा नाही.
फार तर फांदी हलवेल, एखादं पान टाकेल,
आणि मूल झोपायच्या आत त्याला परत वर बसवून यायचं.

सात-आठला चकवा चालतो.
कात्रजच्या घाटात माझे काका सायकल हातात धरून
रात्रभर एकाच मैलाच्या दगडापाशी येत राहिले, ती गोष्ट.
(काका प्यायलेले होते, हे लेबलावर लिहीत नाही.)
दहाच्या पुढे खवीस, वेताळाची पालखी,
आणि तंबाखू मागणारा तो माणूस,
काडी ओढली तर चेहराच नसलेला.
तेराच्या पुढे काही लागू पडत नाही.

त्या रात्री कालव्याजवळची डीपी उडाली.
चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकली.
बिट्ट्या चार, समोरचा निनाद आठ,
खालच्या शेख टेलरांचा झुबेर नऊ,
तो स्वतःचा जिन घेऊन आलेला,
जो फक्त मिठाई खातो आणि रात्री शिलाई मशीन चालवतो.
आणि दाराला टेकून, ऐकत नसल्यासारखी, मृण्मयी.

वयं अशी एकात एक मिसळली की मात्रा चुकते.
बिट्ट्याचं औषध निनादला पाणी वाटतं.
"अजून," तो म्हणाला, "खरं सांग ना, अजून."
नेमका तळजाईवर मोर ओरडला.
मीही माणूसच. लोभ सुटला. हडळ काढली.

हिरवं लुगडं, मोकळे केस,
कालव्याच्या कडेकडेनं चाललेली, आणि पावलं…
इथं थांबायचं असतं. थांबले.
पावलं उलटी.
झुबेरनं निनादचा हात धरला, निनादनं धरू दिला.
बिट्ट्या म्हणाला, "मग तिला चप्पल कशी बसते?"
सगळे खिदळले, भीती सतरंजीवर सांडली,
मला वाटलं, सुटले.

"पण ती हडळ झाली कशानं?" दारातून आवाज.
आणि माझ्या तोंडून, सवयीनं, मला सांगितलं होतं तसंच,
"बाळंतपणात गेलेली बाई…"

वाक्य तिथंच राहिलं.
बिट्ट्या माझ्या मांडीवर पेंगत होता.
त्याच्या जन्माला चार वर्षं झाली, वहिनीला जाऊनही चारच.
मी विसरले नव्हते.
घाईत बाटली उचलली, वाचली नाही.

पोरं पांगली. मेणबत्तीत भांडी विसळताना
ती येऊन उभी राहिली, माझ्या खांद्याएवढी.
"आत्या, आईची पावलं सरळच असतील ना?"

दुकानात अशा वेळी आम्ही म्हणतो, डॉक्टरांना विचारा.
मी नळ बंद केला.
"हे बघ," म्हटलं, पुढं काय म्हणायचं ते माहीत नसताना,
"पावलं उलटी असली, आणि लांब जावंच लागलं,
तर मागं उरलेले ठसे कुठं तोंड करून असतील?"
तिला गणित आवडतं.
ओट्यावरच्या पाण्यात बोटं बुडवून
तिनं दोन ठसे काढले, पुसले, परत काढले.
"घराकडे," म्हणाली.
मग वीज आली. फ्रिज दचकून सुरू झाला
आणि आम्ही दोघी चांगल्याच घाबरलो.

सकाळी खाली शाळेची व्हॅन हॉर्न मारत होती.
मोरीपासून बाहेरच्या दारापर्यंत ओली पावलं,
एक जोडी मोठी, एक अगदी बारकी,
दोघं भिंत धरून उलटं चालत गेले असणार.
दोघं गेलेले,
आणि ठसे सगळे आत येणारे.

फडकं हातात घेऊन मी उभी राहिले.
पुसलं नाही. ऊन येतं तिथं, वाळतात आपोआप.
दुकान उघडायला त्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला.