झाकण लागलं पाहिजे

अट एकच, झाकण लागलं पाहिजे.
काय घ्यायचं, काय वगळायचं,
हे मग पेटीच ठरवते.

पेटी ओजसची, कंपासची.
आतल्या पत्र्यावर कर्कटकानं कोरलंय :
ओ. शं. वाघचौरे, सहावी ब,
आणि त्याखाली, हात लावू नये.
पंधरा वर्षं कुणी लावलाही नव्हता.

गेल्या साली फोर्टात, आमच्या ऑफिसखाली केबल जळाली.
जिन्यात धूर, हाताला कठडा सापडेना,
आणि माझ्या पर्समध्ये निघालं काय,
तर तीन लिपस्टिका आणि वाण्याचं बिल.
त्या रविवारी पेटी धुऊन उन्हात ठेवली.

लोहार चाळीतून टॉर्च आणला, करंगळीएवढा.
दुकानदार म्हणाला, चावी अडकवायला छान आहे, मॅडम.
म्हटलं, आणि जीव अडकला तर?
तो हसला. सेल फुकट दिले.

सेफ्टीपिना चार, एकीत एक ओवलेल्या.
तापाच्या गोळ्या, पट्टी कापलेली,
पण तारीख असलेला तुकडा ठेवून.
काळा दोरा, पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळलेला,
म्हणजे दोरा मागितला की पेन्सिलही हजर.
शिट्टी, वॉचमन बिंदेश्वरीनं टाकून दिलेली,
वाजते, पण सर्दी झाल्यासारखी.
पाचशेची नोट, इतक्या घड्यांची
की तिला स्वतःची किंमत आठवू नये.
एक पॅड. माझं ते थांबलं तीन वर्षांपूर्वी,
शहराचं थांबलेलं नाही.
कर्कटक राहू दिलं, सिमकार्डाचा कप्पा उघडायला.
आलेपाकाची वडी एकच. कारण झाकण.

आणि तळाशी कागद.
बी पॉझिटिव्ह. खाली, संकटात कळवा :
ओजस, कोईमतूर.
शंकरचा नंबर खोडलेला, तरी वाचता येणारा.
मग डिसिल्व्हा, शेजारी.

एप्रिलात वडाळ्याला, नणंदेच्या टॉवरमध्ये
लिफ्ट थांबली अकरा आणि बाराच्या मध्ये.
सोबत तौसीफ, पाठीवर चौकोनी पिशवी,
आत कुणाची तरी गरम बिर्याणी.
मी पेटी उघडली. खोटं कशाला बोलू,
थोडा आनंदच झाला होता.
टॉर्च त्याच्या हातात, शिट्टी माझ्या तोंडात,
आलेपाक त्याला दिला, कारण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

माझ्या फोनला रेंज नव्हती. त्याचा एक टक्क्यावर.
बोला नंबर, म्हणाला.
कागद उलगडला तर आकडे गायब.
उकाड्यात चिकटून सगळी शाई वडीवर गेलेली,
आणि वडी तौसीफच्या गालात.

पाठ नाही? त्यानं विचारलं.
पाठ होता, माहेरचा, गिरगावातला,
सहा आकडी, आता कुठेच न वाजणारा.
त्यानं मग स्वतःच्या आईला लावला, न बघता, अंगठ्यानं.
अम्मी, लिफ्ट में हूँ, एक आंटी हैं साथ में.
तेवढ्यावर फोन गेला.

पन्नास मिनिटांनी दार फाकवलं त्यांनी.
बिर्याणी गार. त्याचे पैसे कापणार, नक्की.
मी नोटेच्या घड्या सोडवत बसले.
त्यानं घेतली नाही. पिशवीचा बंद तुटला होता,
तेवढी एक सेफ्टीपिन मागितली.

आता सकाळी बसस्टॉपवर मी
ओजसचा नंबर म्हणते, सतराच्या पाढ्यासारखा,
मध्येच दोन आकडे अजून निसटतात.
त्याला सांगितलं तर म्हणाला,
आई, सेव्ह आहे ना तुझ्याकडे.

कागद काढून टाकला.
पाठ केलेलं जागा घेत नाही.
तिथं आलेपाकाची दुसरी वडी बसली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
झाकण लागतं.
थोडं दाबावं लागतं, एवढंच.